शेकोटीतले देव

धार,
११ डिसेंबर २०२४

चि. सौ. शशिकलेस, तुझ्या थोरल्या जावेचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींची शुगर आटोक्यात आहे ना? फोनवरच विचारलं असतं, पण तू माझा फोन उचलत नाहीस हे आता तुमच्या देवास गावभर ठाऊक आहे. अमनला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. त्यामुळे आईचं पत्र लेकाच्याच हाती निर्धास्त पाठवते आहे.

कोठीचं काम संपत आलं. अमन इथे पैसे घेऊन पाहुणे उतरवणार आहे. सजावटीचं सगळं इंदूरची ऋतिका बघते. आजेसासऱ्यांनी साहेबाकडचं विलायतेतल्या एका हवेलीचं चित्र बघून कोठी बांधली होती ना, ते चित्र तिला माळ्यावर सापडलं. तेव्हापासून पोरगी अगदी तसंच घर करायच्या नादाला लागली आहे. दिवाणखान्यातला ऑइल पेंट खरवडला, तर खाली फिका हिरवा रंग निघाला आणि छताशी गुलाबांची वेल. रंगाऱ्याने विलायती गुलाब कधी पाहिले नसावेत, सगळे आपले गावठीच काढलेत. ऋतिका म्हणाली, दुरुस्त करून घेऊ. मी म्हटलं, हात लावू नकोस.

सकाळी तलावावरून धुकं येतं, नव्या पांढऱ्या पडद्यांतून मऊ उजेड पडतो, आणि मी कुठल्या मुलखात आहे तेच मला कळत नाही. मग बाहेर कुणीतरी "भिया, रेती कां डालनी है?" म्हणून वाळू कुठे टाकायची ते विचारतं आणि मी धारला परत येते.

इतकं लिहिलं, पण देवांचं काहीच लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

दिवाणखान्याच्या भिंतीतली साहेबी शेकोटी रिकामी आणि पूर्वाभिमुख दिसली म्हणून आजेसासूबाईंनी तिच्यात देव मांडले, ते आजवर तिथेच होते. ऋतिका घाबरत घाबरत म्हणाली, "काकू, देवांना थोडं शिफ्ट करावं लागेल. गेस्ट लोकांसाठी तिथे आग पेटवायची आहे ना." अमनला वाटलं, आता मी घर डोक्यावर घेणार. मी उठून एक डबा आणला. लोक गावाला जाताना ठेवतात तसे टाक आणि बाळकृष्ण डब्यात तांदळावर ठेवले आणि डबा कपाटात नेला.

परवा धुराडं मोकळं झालं. पहाटे थंडी होती, ऋतिकाच्या माणसांनी लाकडं पेटवून बघितली. मी समोरच्या खुर्चीत टेकले आणि डोळा लागला. स्वप्नात चित्रातल्या हिरव्या कुरणातून चालले होते आणि कुरण संपलं तिथे अमझेऱ्याच्या माझ्या माहेरच्या घराचं दार होतं. जाग आली तेव्हा पायावर ऊन आलं होतं. अंघोळ नाही, पूजा नाही. आता मनाला लागेल, मग लागेल, म्हणून वाट बघत बसले. काहीच लागलं नाही. शशी, मला फार बरं वाटलं.

वाटणीच्या दिवशी तू देव मागितलेस. हे म्हणाले, "देव थोरल्या घरीच राहतील." तू रडत गेलीस, ती आजवर बोलली नाहीस. तुला वाटलं, उमा जिंकली. त्या दिवशी मोरीचं दार लावून मीही रडत होते. देव तुझ्याकडे जावेत म्हणून मी मनात नवस बोलले होते ग!

हे कायम दौऱ्यावर, म्हणून पूजा माझी. देव तांदळात ठेवलेलं ह्यांना खपत नसे, आणि देव पारोसे राहता कामा नयेत, म्हणून मी घराबाहेर रात्र काढायची नाही. अमझेरा इथून बसने तासाभरावर, पण लग्नानंतर, अगदी हे देवाघरी गेल्यावरही, मी माहेरी एकदाही झोपले नाही. आई गेली त्या दिवशीही तिचा हात सोडवून संध्याकाळच्या बसने परत आले. ती रात्री गेली.

तेव्हा देव तू घेऊन जा, कायमचे. तुझा हक्क आहे म्हणून देते असं लिहिलं असतं तर शोभलं असतं, पण ते खोटं होईल. मी दमले आहे, म्हणून देते आहे. तू मनापासून करशील, आणि त्यांनाही आता मनापासून करणारं कुणीतरी मिळू दे.

डबा अमनच्याच हाती पाठवला असता, पण देव असे पाठवत नाहीत. तू स्वतः ये. दोघी मिळून देवीची ओटी भरू, पोटभर बोलू. तुझी गाडी देवासच्या रस्त्याला लागली की मी अमझेऱ्याची बस धरणार आहे. दादा म्हणतो, आईची खोली अजून तशीच आहे.

तिथेच झोपायला निघालेली,
तुझी उमा