पाचवा रकाना

३ सप्टेंबर, मंगळवार

छापून आली! पान एक, खालची बाजू. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला फिट येतात — दवाखान्याच्या कागदासकट, नावासकट. आमच्या बातमीदाराने काल दुपारी त्या कागदाचा फोटो डेस्कवर आणला आणि मी नाव दोनदा वाचलं. माझी ठकी त्याच बसने जाते. तिसरीतली पोर, बुटाची नाडीसुद्धा धड बांधता येत नाही, आणि तिला मी रोज सकाळी त्या माणसाच्या हवाली करत होते!

संपादकसाहेबांना यातलं काही बोलले नाही. "जनहिताची बातमी आहे, आजच घेऊ," एवढंच म्हटलं. त्यांनी मान हलवली. कुणाचा आजार वगैरे खासगी काही छापायचं तर आधी जनहिताचं टिपण भरायचं, असा वृत्तपत्र तक्रार मंडळाचा नियम आहे. एक पान, पाच रकाने. घाईत राहिलं. उद्या भरते.

४ सप्टेंबर

बस कंपनीने त्याला कामावरून काढलं. जीव भांड्यात पडला. बसवर आता नवा ड्रायव्हर, कंपनीच्याच दुसऱ्या बसवरून आणलेला — तरुण आहे, शिट्टी वाजवतो. ठकी मात्र फुगून बसली आहे. "जुने काका माझी खिडकी धरून ठेवायचे." म्हटलं, गप, दूध पी.

१९ सप्टेंबर

तक्रार मंडळाचं पत्र. सोबत ड्रायव्हरची तक्रार. चारच ओळी, अक्षर सुरेख. "माझा आजार छापला. मला विचारलं नाही. आता मला कुणी गाडी धुवायलाही ठेवत नाही."

मंडळाला जनहिताचं टिपण हवंय. बातमी छापण्याआधी भरलेलं!

मी ते भरलंच नाही. कपाटातल्या सगळ्या फायली दोनदा उपसल्या. जे लिहिलंच नाही ते सापडणार कुठून? पण उपसत राहिले.

२० सप्टेंबर

पेपरचे वकील येऊन गेले. भर उकाड्यात काळा कोट, म्हणून डेस्कवर त्यांना आम्ही कावळेकाका म्हणतो. आज कुणी हसलं नाही. "टिपण नाही तर जनहित नाही. मंडळाला तुमच्या मनातलं दिसत नाही, कागद दिसतो."

साहेबांनी दार लावून घेतलं. "शोधा जरा नीट. असेलच. असायलाच हवं." माझ्याकडे बघून म्हणाले आणि मग खिडकीबाहेर बघत बसले. लिहा, असं तोंडाने म्हणाले नाहीत. मोठे हुशार! उद्या उलटलं तर नोकरी माझी जाणार.

२३ सप्टेंबर

भरलं. तारीख टाकली २ सप्टेंबर. भरायला जुनं पेन शोधलं — कसली ही अक्कल!

काय उघड होणार? आजार. लोकांचा फायदा काय? 'बसमधल्या बेचाळीस मुलांची सुरक्षा.' बेचाळीस लिहिलं खरं, पण त्या दिवशी डोळ्यांपुढे एकच होती. चर्चा कुणाशी? संपादकांशी. चौथा रकाना: बातमीशी तुमचा व्यक्तिगत संबंध? 'नाही.'

पाचव्यापाशी हात थांबला. 'संबंधित व्यक्तीची बाजू घेतली का?' त्याचा नंबर कागदावर होता. मी तो फिरवलाच नव्हता. तो नाही म्हणाला असता, तर बातमी एक दिवस थांबली असती आणि दुसऱ्या सकाळी ठकी पुन्हा त्याच बसमध्ये. लिहिलं — 'फोन लागला नाही.'

सही केली. माझीच सही, पण परक्यासारखी दिसते.

२६ सप्टेंबर

झोप नाही. दारावरची बेल वाजली की आधी पडद्याआडून बघते. आज कुरियरवाला होता.

१ ऑक्टोबर

नवऱ्याला सांगितलं. "खोटी तारीख? तू? लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा गेलं तरी घामाघूम होणारी बाई!" हसला. मग हसायचा थांबला. "आणि त्या ड्रायव्हरने मोबाइल कंपनीकडून फोनची यादी काढून आणली तर?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! शिवाय तो मला ओळखतो. रोज सकाळी मान हलवायचा. 'ही तर माझ्या बसमधल्या पोरीची आई,' एवढं एक वाक्य तो बोलला की चौथा रकानाही गेला.

७ ऑक्टोबर

सुनावणी. खोली एवढीशी, टेबल मात्र लांबलचक. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मला पाहिलं. ओळखलं. नेहमीसारखी मान हलवली!

अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश आहेत, आवाज अगदी हळू. टिपण वाचून त्याला म्हणाल्या, "यात लिहिलंय, तुम्हाला फोन लागला नाही. तुमचं काय म्हणणं?"

त्याने नीट विचार केला. "असेल, बाई. गाडी चालवताना मी फोन बंद ठेवतो. मुलं असतात ना." माझ्याबद्दल अवाक्षर नाही. मग, "पण मालकांना मी आधीच —" एवढं बोलला तोच बाईंनी हात वर केला. "कंपनी या तक्रारीत नाही. बातमीपुरतंच बोला." तो खाली बसला.

माझं लक्षच नव्हतं. मी मनात सुटले, सुटले म्हणत होते. लाज वाटते लिहायला.

१५ ऑक्टोबर

निकाल. तक्रार फेटाळली. 'प्रकाशन जनहितार्थ होते व तशी प्रकाशनापूर्वीची नोंद आहे.' साहेबांनी डेस्कला चहा पाजला. कावळेकाका म्हणाले, "टिपण नमुनेदार! नव्या लोकांना दाखवा." मी कप तसाच ठेवून उठले.

१६ ऑक्टोबर

शाळेच्या फाटकापाशी उभ्याउभ्या लिहितेय. तासापूर्वी न राहवून जुन्या ड्रायव्हरला फोन केला, माफी मागायला. पहिल्याच रिंगला उचलला. मी रडत होते आणि तोच माझी समजूत काढत होता. मग म्हणाला, "मी तर दोन महिने आधीच मालकांना कागद नेऊन दिला होता, ताई. म्हटलं, मला बसवरून उतरवा. ते म्हणाले, माणसं कुठायत, चालव. अजून दोघं आहेत तिथे माझ्यासारखे. त्यांनीही कागद दिलेत."

म्हटलं, कोण? कोण ते सांगा!

"त्यांना विचारल्याशिवाय नावं कशी सांगू?"

शाळा सुटायला दहा मिनिटं. कंपनीच्या चार बस रांगेने उभ्या आहेत. तिसऱ्या, ठकीच्या बसमधून नव्या ड्रायव्हरने मला बघून हात केला.