उद्या जाहीर होणारं शून्य

ती. ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? मामंजींचा (आमच्या प्रयोगशाळेचे संचालक असले, तरी आधी तुझे सासरे) खोकला थांबला का? मी ठीक आहे. (‘ठीक’ दोनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे.)

आमचा तो मसुराएवढा काळा खडा तुला आठवत असेल, तू ज्याला कोळसा म्हणाली होतीस. पुस्तकी हिशोबाने त्यातून वीज सुरळीत वाहायला हवी, पण वाहत नाही, कारण त्यातला प्रत्येक इलेक्ट्रॉन शेजाऱ्याला बिचकून जागेवर बसलेला असतो. एकेकट्याचा स्वभाव कळून उपयोग नाही, सगळं घरच एकदम समजून घ्यावं लागतं. जराशी भेसळ करून (आमच्यात तो गुन्हा नाही) खडा गार केला की कधी कधी ही मंडळी जोडीने निघतात आणि विजेला होणारा अडथळा शून्य होतो. परवा तो झाला. तोही आजवर कुणाला जमलं नाही इतक्या कमी थंडीत, की भाऊजी (तुझे ‘अहो’) खुर्चीतून उठले आणि उठल्याचं विसरून पुन्हा उठायला गेले. उद्या सकाळी मामंजी ते भर सभेत जाहीर करणार आहेत. पाहुणे येऊन उतरलेसुद्धा.

आणि आज मी खडा मायक्रोस्कोपखाली धरला. मोजमापाची एक तार, चांदीच्या लेपाचा ठिपका देऊन मीच चिकटवलेली, सुटून नुसती टेकून राहिली आहे. गारठ्याने ती उचलली जात असणार, की खड्यात वीजच जात नाही आणि यंत्र शून्य दाखवतं. ऊब आली की साळसूदपणे पुन्हा टेकते. म्हणजे शून्य खड्याचं नाही, माझ्या ठिपक्याचं आहे. (‘आहे’ की ‘असावं’? पुन्हा चिकटवून मोजायला दोन दिवस तरी हवेत, आणि ते नाहीत.) भाऊजींची सगळी उमेदीची वर्षं या खड्यात गेली, हे तुला मी काय सांगू? त्यांच्या दारापर्यंत गेलो. ‘काय रे?’ म्हणाले. ‘काही नाही, पंखा चालू राहिलाय का बघत होतो.’ त्यांच्या खोलीत पंखा नाहीच.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र भाऊजींना दाखवू नकोस. आडून आडून सांग.

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तोच भाऊजी आले आणि दार लावून घेतलं. म्हणाले, ‘अरे, ती तार सुटलेली मी सकाळीच पाहिली. तुझ्या मनाला लागेल म्हणून गप्प बसलो. तुझ्या ताईलाच सांगायला लावणार होतो, आडून आडून.’ मग आम्ही दोघं खड्याकडे बघत बसलो. कोणीच जागचं हलेना. तेव्हा विनंती बदलली आहे: मामंजींना तूच सांग. तुझ्यावर ते ओरडत नाहीत.

ता. क. हे घेऊन जाणारा शिपाई म्हणतो, मामंजींनीही त्याच्याकडे तुझ्या नावाची चिठ्ठी दिली आहे. ‘तारेचं काय ते पोरांना सूनबाईच नीट सांगेल,’ म्हणाले म्हणे. ताई, रात्री आम्हां तिघांना एकाच पंगतीला बसव. एकेकट्याला सांगून आमच्यात काही हलत नाही.