काकांनी कसलेली चाकं

बाबा,

तुमच्या मित्राला ‘आता रविवारी येऊ नका’ असं कसं सांगायचं, हे तुम्ही मला शिकवून गेला नाहीत. बाकी सगळं शिकवलंत. कार्बोरेटर उघडला की त्यातले बारीक भाग कागदावर कोणत्या क्रमानं मांडायचे, जुन्या गाडीला किक मारताना गुडघा कसा वाचवायचा, नट आडवा चढला की जोर न लावता उलटा फिरवून पहिल्यापासून कसा बसवायचा. पण ज्या माणसानं तुमच्यासोबत तीस वर्षं पोलादाच्या प्लांटमध्ये शिफ्ट केली, त्याच्या हातातला पाना कसा काढून घ्यायचा, हे कुठल्याच रविवारी निघालं नाही. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आता लिहितो आहे, कारण दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही.

जुन्या मोटारसायकली दुरुस्त करायचा आपला रविवार अजून चालू आहे. सेक्टरमधलं क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा आईला वाटलं होतं, ही ऑइलची डबडी सुटली एकदाची. डबडी आमच्याआधी मोहन नगरच्या नव्या घरी पोचली. मागच्या अंगणात मी पत्र्याचं शेड टाकलं आणि सकाळी आठपासून एकेक गाडी येऊन लागते. तुमच्या वेळी दहा-बारा जण असायचे, सगळे प्लांटचे, निम्मे भंडारा-गोंदियाकडचे, आणि आईच्या मते सगळेच बिनकामाचे. आता आम्ही पाच उरलो. मी, तुमचे ते मित्र म्हणजे काका, मालगाडी चालवणारे एक लोको पायलट, प्लांटमधला एक तरुण इंजिनिअर, ज्याला मराठी कळतं पण तोंडातून हिंदीच निघतं, आणि शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक मॅडम, ज्या वडिलांची जुनी गाडी अजून चालवतात. ज्याच्या हाताला जे काम बसलं आहे, ते तो सगळ्यांच्या गाड्यांवर करतो. लोको पायलट वायरिंग बघतात, मॅडम कार्बोरेटर, इंजिनिअर इंजिन, मी ब्रेक. विजेच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या मीटरच्या तक्रारी ऐकणाऱ्या माणसाला ब्रेक बरा जमतो. चेन आणि मागचं चाक काकांचं. ते तुमच्या वेळेपासून त्यांचंच आहे.

चिंधीही तशीच आहे. प्लांटमध्ये मशीन बंद करून कामाला लागलेला माणूस लाल टॅग लावायचा आणि ज्यानं लावला त्यानंच तो काढायचा. तुम्ही लोकांनी तो कायदा उचलून घरी आणलात. गाडी उघडली की हँडलला लाल चिंधी. बांधणारा स्वतः सोडत नाही तोवर त्या गाडीला कोणी हात लावायचा नाही, आणि त्यानं एकदा सोडली की कोणी तपासायचंही नाही. तपासणं म्हणजे त्याच्या तोंडावर ‘तुझ्यावर भरोसा नाही’ म्हणणं. नोकरीला लागलो त्या वर्षी मी काकांची चिंधी सोडून तुमची गाडी सुपेल्याला नेली होती, आठवतं? काका चेन ताणून सेकंड शिफ्टला निघून गेले होते, चिंधी सोडायची राहिली होती, एवढंच. परत येतो तर तुम्ही फाटकात उभे. सगळ्यांसमोर, पण आवाज न चढवता तुम्ही विचारता, “ते चिंधी तुह्या हातची हाय का?” मी म्हणतो, काम तर झालंच होतं. “झालं का नाई झालं, ते ज्यानं बांधली त्याले मालूम. तुले कावून घाई?” मग ती चिंधी माझ्याच हातानं परत बांधायला लावलीत, आणि काका येऊन सोडेपर्यंत दोन दिवस सायकलनं ड्यूटीला गेलात. पुढे माझ्या लग्नात तुम्ही मला चोवीस नंबरचा पाना दिलात. लोक घड्याळ देतात, अंगठी देतात. सासरची मंडळी त्या पान्याकडे आणि मग एकमेकांकडे बघत होती.

त्याच पान्यानं गेले आठ महिने मी काकांचं काम चोरून उघडतो आहे. चेन ताणायची तर मागच्या चाकाचा नट सैल करावा लागतो आणि शेवटी तो सगळा जोर लावून परत कसावा लागतो. काका जोर लावतात, त्यात कसूर नाही. दात आवळतात, मानेच्या शिरा फुगतात. पण साखरेच्या आजारानं त्यांच्या बोटांतली जाणीव गेली आहे. नट किती बसला हे त्यांना पूर्वी मनगटातून कळायचं, आता ते दमले की त्यांना वाटतं नट बसला. माझ्याच गाडीचं चाक एकदा आवाज करायला लागलं म्हणून पाना लावला, तर नट लोण्यातून फिरावा तसा फिरला. तेव्हापासून माझं ठरून गेलं आहे. काका चिंधी सोडतात, हात धुवायला आत जातात, आणि तेवढ्या वेळात मी एकेका गाडीमागे उकिडवा बसून त्यांचे नट कसतो. लोको पायलटनी एकदा मला बघितलं. ते पाठ फिरवून वायर सोलत बसले. तुमच्या कायद्यात सगळं आहे बाबा, पण ज्यानं चिंधी बांधली तोच माणूस कमी पडायला लागला तर काय करायचं, याचं कलम नाही.

दीड महिन्यापूर्वी साळ्याच्या मुलीच्या लग्नासाठी मी गोंदियाला गेलो. एक रविवार, फक्त एक. सोमवारी मॅडम शाळेत निघाल्या आणि पद्मनाभपूरच्या वळणावर त्यांची गाडी एकदम आडवी झाली. उजवं मनगट मोडलं. मागून भरलेला ट्रक येत होता, तो थांबला म्हणून मनगटावर निभावलं. रस्त्यावर बारीक दगडांची गिट्टी पडली होती हे खरं आहे, आणि सगळ्यांनी गिट्टीलाच शिव्या घातल्या. गाडी आणायला मी गेलो होतो. मागचं चाक तिरकं झालेलं, चेन उतरलेली, आणि नट नुसत्या बोटांनी फिरत होता. मी तिथेच रस्त्याच्या कडेला तो घट्ट केला आणि घरी येऊन म्हणालो, गिट्टीच होती. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, याची मला अजून लाज वाटते.

त्या आठवड्यात मी काकांच्या घरी गेलो, सुपेल्याला. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो, वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली होती. काका खाटेवर पायात मोजे घालून बसलेले, भर उन्हाळ्यात. मी म्हणालो, “काका, आता चेनचं काम मी पाहात जातो. तुमी नुसते बसा ना येऊन.”

“कावून? मले काय झालं?”

“तसं नाई. ऊन लय वाढून राहिलं.”

“शेड हाय ना तुह्याकडं.”

झालं. माझी जुळवलेली वाक्यं तिथेच संपली. सूनबाईंनी चहा आणून दिला, तो मी फुंकत बसलो. काका बराच वेळ स्वतःचे हात उलटसुलट करून बघत होते. मग म्हणाले, “तुह्या बापाच्या बोटातली जान आखरीले गेली होती, मालूम हाय का तुले?”

मला माहीत नव्हतं. तुमची साखर माहीत होती, पाय माहीत होते, हातांचं तुम्ही कधी बोलला नाहीत.

“आखरीचं वरीसभर त्यानं कसलेला एक बी नट मी तसा सोडला नाई,” काका म्हणाले. “तो आत गेला का मी उघडाचो अन् परत कसाचो.”

“अन् चिंधी?”

“चिंधीले काय चाटाचं हाय? कोनी मरन ना बे.”

“त्याईले मालूम होतं?”

“छे. मालूम असतं तर तो आलाच नसता. घरात तोंड फिरवून झोपला असता. तो येत होता, मले तेवढंच पायजे होतं.”

मी घरी आलो ते सुपेल्याच्या गर्दीतून गाडी कशी काढली हे आठवत नाही. मला ते स्वयंपाकघर दिसत होतं, क्वार्टरचं. तुमचं शेवटचं वर्ष आहे. बाहेर सगळ्यांच्या गाड्या लागलेल्या, आई आलूपोहे परतते आहे, आणि तुम्ही मोरीत हात धुऊन अंगणाकडच्या खिडकीशी उभे आहात. हातांतून पाणी ठिबकतं आहे. आई म्हणते, “बाहेर लोकं वाट पाहून राहिले, जा ना.” तुम्ही म्हणता, “जातो. हात सुकू दे.” दर रविवारी हेच. मला वैताग यायचा, कारण तुम्ही वाटेत उभे असायचात आणि मला प्लेटा न्यायच्या असायच्या. टॉवेल तुमच्या खांद्यावर असायचा, बाबा. खांद्यावर टॉवेल असलेला माणूस हात वाळायची वाट कशाला बघेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. त्या खिडकीतून तुमच्या गाड्यांची रांग पूर्ण दिसायची.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. एका चिंधीसाठी दोन दिवस सायकल मारणारा माणूस आपलं काम दुसऱ्याच्या हातून उघडलं जाताना बघत होता, आणि त्याला पुरेसा वेळ मिळावा म्हणून आत थांबत होता. मला आधी तुमचा राग आला. मला रागावलात आणि स्वतःसाठी पळवाट ठेवलीत, असं वाटलं. मग गच्चीवर जाऊन रडलो, बावन्नाव्या वर्षी, वाळत घातलेल्या चादरीआड. काकांना तुम्ही कधी कळू दिलं नाहीत का? की त्यांनाही कळलं होतं आणि तेही कळू देत नव्हते? आईला विचारावं तर दोन वर्षांपूर्वी तीही गेली. आणि काकांनी हे सगळं मला आत्ताच का सांगितलं? कारण हल्ली तेही हात धुवायला फार वेळ लावतात. पण बाबा, तुमच्या पाठीशी काका होते, आणि काकांचा एकही रविवार चुकला नाही. काकांच्या पाठीशी मी आहे, आणि माझा एक चुकला.

परवाच्या रविवारी मॅडम आल्या. हात अजून प्लास्टरमध्ये, त्यामुळे खुर्चीवर बसून सगळ्यांवर हुकूम सोडत होत्या. काकांनी त्यांच्या गाडीची चेन ताणली, नट कसला, चिंधी सोडली. मी माझा पाना शोधायला लागलो. पण काका आत गेले नाहीत. त्यांनी आपला पाना मॅडमपुढे धरला.

“मॅडम, जरा लगाके देखो.”

“काका, आपने किया है तो ठीक ही होगा।”

“नहीं. देखो.”

असं आमच्याकडे कोणी करत नाही. चिंधी सुटलेल्या गाडीला पाना लावणं, तेही बांधणाऱ्याच्या देखत, हे तुमच्या आठवणीत तरी कधी झालं असेल का, मला शंका आहे. मॅडम उठल्या, डाव्या हातानं त्यांनी पाना लावला आणि हलकेच दाबला. नट फिरला. चांगला पाव फेरा फिरला, एका बाईच्या डाव्या हातानं. मॅडमनी एकदा नटाकडे आणि एकदा स्वतःच्या प्लास्टरकडे पाहिलं. काका मात्र मॅडमकडे बघतच नव्हते, ते माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. पेपर देऊन झालेला मुलगा मास्तरकडे बघतो तसं.

आणि मी म्हणालो, “नया वॉशर है ना मॅडम, पहिली बार थोडा बैठता ही है।”

इंजिनिअरनं मान डोलावली. लोको पायलट खाली बघायला लागले. काका म्हणाले, “हं.” पाना परत घेतला, पुन्हा दात आवळून नट कसला आणि मग हात धुवायला आत गेले. खूप वेळ आतच राहिले. मी त्यांचा नट परत कसला.

त्यांना ऐकायचं होतं, बाबा. सगळ्यांदेखत, ताठ मानेनं थांबायचं होतं, आणि त्यासाठी एकच माणूस खरं बोलणारा हवा होता. मी वॉशर पुढे केला. घरात बायको म्हणते, तुम्ही त्यांचा मान राखला. मीही दोन दिवस स्वतःला तेच सांगून पाहिलं, पण ते खरं नाही. हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, म्हणून इथे लिहितो. आत जाताना काका तुमच्या फोटोपुढे थांबतात. दर रविवारी. तोंड फोटोच्या अगदी जवळ नेऊन विचारतात, “काय बे, झाला का चहा?” मी दाराआडून ऐकतो. या गावात तुम्हाला ‘बे’ म्हणणारा आता तो एकच माणूस उरला आहे. चेनचं काम सुटलं की ते नुसते बसायला येणार नाहीत, एवढं मी त्यांना ओळखतो. तो एक आवाज बंद होऊ नये म्हणून मी मॅडमचा दुसरा हात पणाला लावून बसलो आहे.