मागच्या सीटवरून पुढे

प्रिय धाकट्या,

अरे, मी बस चालवते! या सोमवारपासून एकटी, शेजारी शिकवणारा नसताना. एवढी लांबलचक गाडी, खचाखच भरलेली, आणि वळणावर सगळ्यांचा जीव माझ्या दोन हातांत. आणि तरी मोठ्यांदा गावंसं वाटतं.

राजवाडा सोडला तेव्हा मला साधी किल्ली सांभाळता येत नव्हती. आपल्यासाठी दारं कायम दुसऱ्याच कुणीतरी उघडलेली ना! पहिल्याच दिवशी बाहेर येऊन भाड्याच्या खोलीला कुलूप ठोकलं, तर किल्ली आतच. शेजारच्या शिंपीणबाईंनी मला खिडकीतून आत ढकललं आणि हसून हसून त्यांचीच पुरेवाट झाली. डेपोत ड्रायव्हर हवेत, हेही मला त्यांनीच सांगितलं. तिथे आधी सगळे मला ‘राणीसरकार’ म्हणून चिडवायचे. मग एकदा मी गाडी मागे घेताना खांबाला ठोकली, तेव्हापासून मी ‘खांबताई’. मला मिळालेल्या सगळ्या पदव्यांमध्ये ही एकच मी स्वतः कमावलेली!

गादी तुला मनापासून हवी होती, हे मला ठाऊक होतं. मी मात्र त्या खुर्चीत गुदमरून गेले असते. आईला हे कधीच पटलं नाही. मी निघाले तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. त्यानंतर तीन वर्षांत तिचा एक शब्द नाही.

आता आजचं ऐक. माझी बस राजवाड्यामागच्या रस्त्यावरून जाते. सकाळी तिथल्या थांब्यावर एकच बाई उभी. अंगात आपल्या स्वयंपाकीणबाईंचा करडा कोट, डोक्याला रुमाल. दार आपोआप उघडलं, तर तिने दारालाच मान तुकवून “आभारी आहे” म्हटलं. माझा पाय ब्रेकवरून निघेना. मागून कुणीतरी ओरडलं, “ताई, निघायचं की मुक्काम करायचा?”

ती माझ्या मागच्याच सीटवर बसली. आरशात मला फक्त तिची हनुवटी दिसत होती. उतरायला घंटा दाबायची असते, हे तिला कुठलं माहीत! शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली तरी ती बसलेलीच. मी इंजिन बंद केलं, पण मागे वळायचा धीर होईना. मग खांद्यावर तिचा हात आला. “वळणं छान घेतेस,” ती म्हणाली. आणि मग, “उद्याही याच वेळेला असतेस का गं?”

मी मान डोलावली. परतीच्या फेरीत तिला मागच्या फाटकाशी सोडलं.

म्हणून हे घाईघाईने लिहून शिंपीणबाईंच्या हाती पाठवतेय. तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय. पहारेकऱ्यांना सुगावा लागला तर उद्या आईच्या मागेपुढे गाड्या निघतील, आणि मग ती येणारच नाही. तेव्हा नाश्ता झाला की पहारेकऱ्यांना काहीही कारण काढून पुढच्या अंगणात बोलाव. मागचं फाटक तेवढं उघडं राहू दे. आणि आईला काही विचारू नकोस हं. आयुष्यात एकदा तरी तिला वाटू दे, की आपल्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

तुझीच,
ताई