वरच्या खोल्यांचं वेगळं मीटर

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून बोलण्यासारखी नाही, म्हणून लिहितो. तू म्हणालीस तसा रविवारी वर आपल्या भाडेकरूंकडे, घड्याळजींकडे गेलो. भाडं वाढवा, नाहीतर विजेचं बिल वेगळं भरा, एवढंच सांगायचं होतं. जिन्यात दोनदा पाठ केलं. पण त्यांच्या पत्नी पलंगावर, नाकात नळ्या, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरतंय. बाईंनी हातानेच खुणावून मला बसायला सांगितलं. मी पंखा आवाज करतो का एवढं विचारून खाली आलो. हस आता.

माझं मत तुला ठाऊक आहे. भाडं एकदाच ठरवावं, वीज-पाणी त्यातच धरावं. तुम्ही किती जाळलंत हे दर महिन्याला कुणाच्या दारात जाऊन विचारू नये. पण मशीन आल्यापासून बिल दुप्पट झालंय आणि तुझा अर्धा वाटा तीन महिने पाठवता आला नाही, हेही खरंच. काय करू ते कळव.

लोभ आहेच, तो असू दे.
भाऊ

११ जून

चि. भाऊस,
अ. आ.

पत्र वाचून तुझे मेहुणे एवढे हसले की चहा सांडला. लहानपणी दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तरी तू त्यालाच नमस्कार करून यायचास. देवाने तुला घरमालक चुकूनच केलंय.

मला त्या बाईंचं वाईट वाटत नाही असं नाही. पण ह्यांच्या पेन्शनीत औषधं बसतात, किराणा त्या भाड्यावर चालतो. तुला घासाघीस जमत नाही ना, मग वर वेगळं मीटर बसव. आकडा भिंतीवर दिसतो, तोंडाने काही बोलावं लागत नाही. परवडत नसेल तर ते आपणहून सांगतील. तेव्हा हवं तेवढं कमी कर, मी आडवी येणार नाही.

तब्येतीला जप. माया आहे तशीच असू दे.
ताई

९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मीटर बसलं. समोर बसवायचा धीर झाला नाही, म्हणून ते दोघं दवाखान्यात गेले असताना वायरमनला बोलावलं. तो आवरत होता तेवढ्यात ते परत आले. घड्याळजींनी चष्मा वर करून मीटर पाहिलं आणि मशीन तासाला किती युनिट खातं, एवढंच वायरमनला विचारलं. तक्रार नाही, कपाळावर आठी नाही. किती कमी करायचं ते मी मनात ठरवून ठेवलं होतं, पण मागायला कुणी आलंच नाही.

आणि नवल म्हणजे वरचं पहिलं बिल माझ्या अंदाजाच्या जेमतेम निम्मं आलंय! त्यांनी पैसे वेळेवर दिले. तुझा वाटा बँकेत भरलाय. देवाने वाट काढली म्हणायची.

मेहुण्यांना नमस्कार. पत्र पाठवायला आळस करू नकोस.
भाऊ

१४ जुलै

चि. भाऊस,

पत्र हातात पडताच लिहायला बसले. ह्यांनी सकाळपासून फोन लावलाय, तू उचलत नाहीस.

बिल अर्धं कसं होईल? माझ्या सासूबाईंना तेच मशीन होतं. ते झोपेतसुद्धा बंद करायचं नसतं. वर ते बंद ठेवत असणार. असशील तसा जिना चढ. बिल आम्ही भरतो म्हण, माझं नाव सांग. मीटर काढून टाक.

ताई

१९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मेहुण्यांचा फोन वाजत होता तेव्हा आम्ही बाईंना पोचवायला गेलो होतो. आदल्या संध्याकाळीच त्या गेल्या.

मशीन तासभर चालू, तासभर बंद, असं ते ठेवत. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, मिनिटाचीही चूक होत नसे. बाईंनीच तसं करायला लावलं होतं म्हणे. मला सांगितलं का नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, भाडं कमी करून मागायचं तर बायकोचं आजारपण पुढे करावं लागलं असतं, आणि ते तिला आवडलं नसतं. शिवाय न विचारता मीटर बसवलंत म्हणजे तुमचीही काही अडचणच असणार, असं आम्ही धरून चाललो.

डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं तशीही संपत आली होती. मी ऐकून घेतो. सकाळी देवापुढे बसतो, पण काय मागावं ते सुचत नाही. तू स्वतःला बोल लावू नकोस. मीटर बसव एवढंच तू म्हणालीस, ते घरी नसताना बसवायचं डोकं माझं.

घड्याळजी आता मुलीकडे राहायला चाललेत. राहा, काही देऊ नका, असं मी दोनदा म्हणालो. ते सामान बांधत राहिले. काल खाली आले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पाणी भाड्यातच धरलंय ना, असं त्यांनी विचारलं. तिला शेवटची आंघोळ घालताना दोन बादल्या जास्त लागल्या, म्हणाले.

टोमणा नव्हता, ताई. खरोखरच विचारत होते.

हे वाचूनही लोभ ठेववला, तर ठेव.
भाऊ