कोकुई मावशीची भट्टी

३ ऑगस्ट
आले एकदाची सासरी. खाडी इतकी जवळ की पायरीवर बसून पाय बुडवावेत. माझ्या नवऱ्याने, एलिकेमने, माझी ट्रंक डोक्यावरून आणली, तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, नवरा कसाही निघो, हमाल बरा मिळाला. अंगणात मातीच्या गोल भट्ट्या, वर जाळ्या, जाळ्यांवर सोनेरी होत आलेली तारली. सासूबाईंनी पहिला गरम मासा माझ्याच हातावर ठेवला. आमचा मासा पार डोंगरापलीकडच्या बाजारात जातो म्हणे. ऐकून बरं वाटलं.

११ ऑगस्ट
भट्टी लावायला शिकले. कांदळाचं लाकूड महागलंय, म्हणून सासूबाई खाली जुन्या टायरचे तुकडे घालतात, चटकन पेटतं. धूर काळा, चिकट. आकप्लेच्या, मक्याच्या पिठाच्या गोळ्यालासुद्धा त्याचीच चव येते.
मागच्या खोलीत सासूबाईंची थोरली बहीण असते, कोकुई मावशी. तिची पेज आता माझ्याकडे. गळ्याला मोठी गाठ, आवाज गेलेला, श्वास घेताना शीळ वाजते. खोलीला कडी बाहेरून. सासूबाई म्हणाल्या, गिऱ्हाइकाच्या नजरेस पडली तर मासा कोण घेईल?

२० ऑगस्ट
लस टोचायला फिरणारी नर्स धूर बघून अंगणात शिरली. म्हणाली, टायरच्या धुरात विषारी रसायन असतं. रोज थोडं थोडं छातीत जातं, वर्षानुवर्षं गेलं की कर्करोगाचा धोका वाढतो. माशालाही ते लागतं. टायर बंद करा, धुराड्याची भट्टी बांधा.
सासूबाई म्हणाल्या, "बाई, आमच्या आज्या धुरातच म्हाताऱ्या झाल्या. तू आपली सुई सांभाळ."
मी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. सासूबाईंनी मला पाहताना पाहिलं.

२९ ऑगस्ट
लिहायचीही लाज वाटते. घाऊक मासा नेणारी एसिनाम आली होती. मागून शीळ ऐकू आली.
"आत कोण आहे गं?"
मी म्हणाले, "शेळी. आजारी आहे."
"तेवढी माझ्या टोपलीत घालू नकोस म्हणजे झालं."
सगळे हसले. मीही. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात फिरवला. पेज घेऊन गेले, तर मावशीने तोंड भिंतीकडे केलं. आवाज गेला तिचा. कान शाबूत आहेत.

२ सप्टेंबर
मावशी पेज घेत नाही. माफी मागितली. पाठच दिसते तिची.

५ सप्टेंबर
मावशी गेली. वयाने गेली, असं लोकांना सांगितलं. मीही मान हलवली. माती झाल्यावर ती पूर्वी चालवायची ती भट्टी सासूबाईंनी गल्लीसमोर मला दिली. मोठा मान. बायकांनी टाळ्या वाजवल्या. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि आभार मानले.

११ सप्टेंबर
टायर नको म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "मग लाकूड तुझा बाप आणून देणार का?" एलिकेम खाली मान घालून जाळं सांधत राहिला. टायर मीच घातला. मासा विकला. कुणाच्या तरी लेकरांच्या ताटात —

१९ सप्टेंबर
सासूबाईंचा आवाज बसलाय, श्वास घेताना बारीक शीळ वाजते. सर्दी, म्हणतात. मी आले तेव्हापासून बघते, एवढ्या उकाड्यातही गळ्याचं कापड काढत नाहीत.

२४ सप्टेंबर
कापड सुटलं. गाठ — आजची नाही, जुनी. किती महिने झाकली असेल. मी पाहिलं, तशी त्या चोरी पकडल्यासारख्या — माझ्यापुढे — लाजल्या. मग उठून मागची खोली झाडायला लागल्या. स्वतःच.

२६ सप्टेंबर
दवाखान्यात चला म्हटलं. नाही. आत गेल्या. हातानेच खुणावलं, कडी लाव. एलिकेम बाहेर निघून गेला. मी —
लावली.

२७ सप्टेंबर
एसिनाम अंगणात आहे. सासू कुठाय, विचारते आहे. मी भट्टीआड बसून हे लिहिते आहे. मागे शीळ नाही. श्वास रोखून बसल्यात त्या, मी काय सांगते ते ऐकायला. पुन्हा हाक आली. उठते. कडी काढते. एसिनामचा हात धरून आत नेते, म्हणते, ही माझी सासू, आमच्या धुराने हिला — आणि तू नेतेस त्या माशातही —