भरल्या टाकीचा संप

मामा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सभेला उभं राहिलो की आधी तुमचा हात आठवतो. लगद्यानं भिजलेला, मनगटापर्यंत तपकिरी. कागद कारखान्यात मी लागलो त्याच दिवशी तुम्ही मला टाकीजवळ नेलं, मूठभर लगदा हातात दिला आणि म्हणालात, "पीळ. आता सांग, पातळ हाय का घट?" मला सांगता येईना. मी भिंतीवरच्या मीटरकडं बघितलं, तर तुम्ही माझी मान वळवलीत. "त्यो बी कधी कधी खोटं बोलतो. हाताला इचार." उसाच्या चिपाडाचा आणि रद्दीचा तो लगदा ओळखायला मला चार महिने लागले. जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक उघडून बसायचो, आणि ताडकळसहून आणलेली तुमची भाकरी तुम्ही न विचारता अर्धी माझ्यापुढं सरकवायचा. "वाच. खाता खाता वाच. पर वाचलेलं मशीनपाशी आणू नको."

मी आणलंच. रोलरमध्ये आपल्यातल्या एकाची तीन बोटं गेली, आणि मालक म्हणाले, त्यानंच हात घातला. रोलरांना झाकणं बसवा, एवढीच आपली मागणी होती. कामगाराची बोटं कागदापेक्षा महाग आहेत, असं मी तेव्हा म्हणालो, आजही म्हणतो, आणि त्यातला एक शब्द मागं घेणार नाही. सकाळची पाळी सुरू होताना मी गेटवर बोललो आणि सगळे बाहेर आले. तुम्ही आणि बॉयलरवाले काका तेवढे आत राहिलात. ऊन चढतंय, आतून मशीनचा आवाज येतोय आणि थांबत नाही. मी पुन्हा खुर्चीवर चढतो आणि तुमचं नाव घेऊन तुम्हाला फितूर म्हणतो. लोक टाळ्या वाजवतात.

दुपारी चारला तुम्ही बाहेर आलात. अंगावर लगदा वाळून कपडे कडक झाले होते. "झालं का बोलून? पाणी दे जरा." मी हललो नाही. तुम्हीच माठापाशी गेलात, प्यालात, मग म्हणालात, "टाकी भरलेली व्हती. ह्या उन्हात दोन दिसांत लगदा कुजला असता. कुजला की ह्ये मालक लोक त्यो नाल्यात सोडतेत. नाल्याच्या काठाला कुणाच्या इहिरी हायेत, सांग की." तुम्ही बाहीनं तोंड पुसलंत. "भाषण लय भारी करायलास. पर आदल्या दिशी मला सांगायचं, टाकी रिकामी करून ठिवली असती. मंग मीच पयला बाहीर आलो असतो."

दिवसभर खपून तुम्ही दोघांनी तो सगळा लगदा जाळीवरून ओल्या जाड थरांत काढला होता आणि थप्प्या लावल्या होत्या. मग तुम्ही गेटसमोरच्या संपाच्या मांडवात मागं जाऊन बसलात, ते संप मिटेपर्यंत उठला नाहीत. नाल्याकाठच्या गावांतून संपावरच्या सगळ्यांसाठी रोज भाकऱ्या येत राहिल्या. पाणी नासलं असतं तर तिथूनच दगड आले असते. पाचव्या दिवशी मालकांनी झाकणांचं लिहून दिलं आणि हार माझ्या गळ्यात पडला. पुढं तुमच्या घरी चुलीपाशी जेवताना मी तो विषय काढायला गेलो, तर तुम्ही मामींना म्हणालात, "ह्याला कालवण वाढ. लय बोलून दमलाय."

आज कुठल्याही कारखान्यात संपाची गोष्ट निघाली की मी पहिल्यांदा विचारतो, आत काय भरलेलं आहे आणि ते बाहेर कुणाच्या अंगावर जाईल? पोरं आधी चिडतात, मग यादी करायला बसतात. इतक्या पुस्तकांत मला हा प्रश्न सापडला नव्हता. तो तुमचा आहे, हे मी प्रत्येक सभेत सांगतो. त्या दिवसाची सगळी गोष्ट सांगतो, आणि माणसं शांत होऊन ऐकतात.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून एक लिहितो. ती गोष्ट सांगताना मी म्हणतो, "एका पोरानं त्यांना फितूर म्हटलं." परवा सेलूला सभा संपल्यावर एका बाईनं थांबवून विचारलं, त्या पोराचं पुढं काय झालं? मी म्हणालो, कुणास ठाऊक, गेला असेल काम सोडून.